देवरीचा हिवाळा आणि वाडीतल्या कोंबड्या

दिवाळी सरते, गावोगावच्या मंडईच्या जत्रा भरू लागतात, बांधीतला धान कापून पुंजणे रचले जातात आणि गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात थंडी उतरते. ‘विदर्भात सर्वांत कमी तापमान गोंदियात’ ही ओळ डिसेंबर-जानेवारीच्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळते. पारा आठ-नऊ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. ही जिल्ह्याच्या ठिकाणची नोंद झाली. चिचगड-ककोडीकडच्या जंगलाला लागून असलेल्या टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, आणि बोडीकाठच्या घरांत पहाटेचा गारठा याहून बोचरा असतो. त्याच दिवशी दुपारी अंगणात उभे राहावे तर ऊन चटके देते. बारा तासांत अठरा-वीस अंशांचा हा चढउतार माणसे शेकोटी आणि घोंगडीच्या आधाराने काढतात. वाडीतल्या कोंबड्यांनी तो कसा काढावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय लहान वाटेल, पण तो लहान नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे 85 कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली जवळजवळ 32 कोटी परसातली होती, आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या 45 टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. ही वाढ मोठ्या शेडमध्ये झालेली नाही. ती कवेलूच्या घरांत, सपरीत झाकलेल्या डालग्यांत आणि सांदवाडीतल्या मातीच्या खुराड्यांत झाली आहे. देवरी हा गोंड, हलबा समाजांची मोठी वस्ती असलेला तालुका. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच आहे. इथल्या घरात आठ-दहा कोंबड्या असणे ही सवयीची गोष्ट. पाहुणा आला, देवाचे कार्य निघाले, मुलाची वही-पुस्तके घ्यायची झाली, आजारपणात दवाखान्याची वाट धरावी लागली की या कोंबड्या कामी येतात. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडतो. कोंबडीचा पैसा बाजाराच्या दिवशी येतो आणि बाईच्या कनवटीला राहतो. म्हणून हिवाळ्यात एखाद्या घरचा कळप मेला, तर त्या घरातल्या बाईच्या हातचा पैसा गेला, असे मी समजतो. या पानांमागची कळकळ तीच आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्ण वाढलेली, पिसे भरलेली देशी कोंबडी देवरीच्या थंडीने सहसा मरत नाही. तिच्या अंगाची ऊब 41 अंशांच्या आसपास असते. गारठा वाढला की ती पिसे फुलवते, पिसांच्या थरांत हवा कोंडते, चोच पंखाखाली खुपसते आणि पायांवर अंग टेकून बसते. जगात देवरीपेक्षा कितीतरी कठोर हिवाळे काढणाऱ्या कोंबड्या आहेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रीड शातलाँ यांनी 1908 पासून शांतेक्लेर नावाची जात घडवली. तिचा तुरा आणि गलोल जाणीवपूर्वक अगदी लहान ठेवले, कारण तिथल्या थंडीत मोठा तुरा गोठून काळा पडतो. आपल्याकडे तुरा गोठण्याचे भय नाही. आपली कोंबडी कोरडी असेल, पोट भरून झोपली असेल आणि अंगावर सरळ वारा येत नसेल, तर आठ अंशांची रात्र ती काढते.

मग हिवाळ्यात कळप का मरतात? या प्रश्नाभोवतीच पुढची सगळी प्रकरणे बांधली आहेत. त्याचे उत्तर थोडक्यात इथेच सांगतो, कारण ज्याच्या हाती वेळ कमी आहे तो निदान प्रस्तावना तरी वाचेल.

सर्वांत मोठी हानी पिलांची होते. पिलू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. स्वतःची ऊब राखण्याची ताकद त्याच्यात यायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती 33 ते 35 अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची. आता हिशेब करून पाहा. जानेवारीच्या पहाटे मातीच्या घरात बारा अंश असतील, तर पिलाला हवी असलेली आणि मिळणारी ऊब यांत वीसहून अधिक अंशांची दरी असते. पूर्वी ही दरी कोंबडी भरून काढत होती. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते आणि पिले निघाल्यावर पुढचे कित्येक आठवडे रात्रीच काय, दिवसाही वारंवार त्यांना पोटाखाली घेते. दहा-बारा पिलांना ती पुरते. इथल्या बायकांचे हिवाळ्याचे सगळे ज्ञान या आईला धरून उभे राहिलेले आहे: तिला कोणत्या कोपऱ्यात बसवायचे, डालग्यात तणस किती घालायची, पिलांसाठी उधईची माती कुठून खणून आणायची, घार कधी फिरते.

आता पिले आईविना येतात. राज्य शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत एक दिवसाच्या शंभर पिलांचा गट निम्म्या अनुदानावर दिला जातो. नागपूरसारख्या ठिकाणच्या अंडी उबवणी केंद्रातून निघालेली पिले पुठ्ठ्याच्या खोक्यातून महामार्गाने भंडारा, साकोली ओलांडून इथवर पोहोचतात. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती वाढीला आणि अंड्यांना चांगल्या आहेत, पण खुडूक बसण्याचा गुण त्यांच्यात जवळजवळ उरलेला नाही. शंभर पिलांचे खोके घरात येते तेव्हा त्या घरात आईचे काम माणसाला करावे लागते. त्यासाठी लागणारे शिक्षण त्या खोक्यासोबत येत नाही. हिवाळ्यात मेलेल्या पिलांचा दोष थंडीला देऊन आपण मोकळे होतो. माझ्या मते दोष या तुटलेल्या दुव्याचा आहे. पिले दिली आणि ऊब कशी द्यायची ते सांगितले नाही, तर दान अर्धेच झाले.

म्हणून ऊब देण्याचे प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठे आहे. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करावे, म्हणजे पिलांना कोपऱ्यात चेंगरता येत नाही. खाली धानाचे तूस दोन-तीन इंच पसरावे. गोंदिया जिल्ह्यात राईस मिलची उणीव नाही, तूस सहज मिळते. त्यावर पहिले दोन-चार दिवस कागद अंथरावा, नाहीतर पिले दाण्याऐवजी तूस टिपतात. वर विजेचा दिवा टांगावा. हिवाळ्यात दर पिलामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे पन्नास पिलांना शंभर वॅटचा एक जुना पिवळा बल्ब. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. आजकाल दुकानात तोच हाती ठेवला जातो, एवढे ध्यानात असू द्यावे.

तापमापक नसला तरी अडत नाही, पिले स्वतः सांगतात. सगळी दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे, ती फट शोधावी. कड्यात सगळीकडे सारखी पसरून खात-पीत, मध्येच निवांत पाय ताणून झोपत असतील तर सारे ठीक आहे. ही पाहणी रात्री झोपताना आणि पहाटे चारच्या सुमारास करावी, कारण गारठ्याचा कहर पहाटेच होतो. पाणी कोमट द्यावे. थंडगार पाणी पिले पीत नाहीत आणि पाणी न प्यायलेले पिलू दाणाही खात नाही. प्रवासातून आलेल्या पिलांना आधी गूळपाणी, मग कनकी किंवा भरडलेला मका, आणि त्यानंतर पिलांचे खाद्य.

वीज जाते तेव्हा काय करायचे, हा इथला खरा प्रश्न आहे. गरम पाण्याने भरलेली, तोंड घट्ट बंद केलेली भांडी फडक्यात गुंडाळून कड्याच्या मध्यभागी ठेवली तर दोन-तीन तास निभतात. घरात खुडूक बसलेली देशी कोंबडी असेल तर त्याहून उत्तम. रात्रीच्या अंधारात तिच्या पोटाखालची अंडी काढून एक-दोन दिवसांची दहा-बारा पिले सरकवली, तर बहुतेक वेळा ती सकाळी त्यांना आपली मानते. शंभर पिलांना हा उपाय पुरणार नाही, पण ज्या बाईला वीस-पंचवीस पिलेच वाढवायची आहेत तिने दोन खुडूक कोंबड्या हाताशी ठेवून मगच पिले मागवावीत. आणि शक्य असेल तर पिले डिसेंबर-जानेवारीत आणूच नयेत. योजनेची पिले कोणत्या महिन्यात द्यावीत, हे ठरवणाऱ्यांनीही देवरीचे हवामान पाहून ठरवावे, ही विनंती मी इथे जाहीरपणे करतो. आठ-दहा आठवडे वाढवलेल्या, पिसे भरलेल्या तलंगांचा गट हिवाळ्यात द्यायला हरकत नाही. त्याच योजनेत 25 माद्या आणि 3 नरांचा असा गट देण्याची तरतूद आहे.

दुसरी हानी आपल्या काळजीतूनच होते. थंडी वाढली की खुराड्याच्या सगळ्या फटी बारदान्याने बुजवल्या जातात, वर ताडपत्री ओढली जाते. आत पंधरा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात आणि विष्ठा टाकतात. कोंबडीला मूत्राशय नाही, तिचे सगळे विष्ठेतूनच बाहेर पडते, म्हणून ती विष्ठा ओलसर असते. ओल आणि वाफ मिळून छतातून थेंब गळू लागतात, तूस भिजते आणि त्यातून अमोनिया उठतो. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर समजावे, कोंबड्यांच्या श्वासनलिकेने रात्रभर हेच सोसले आहे. मग शिंका, नाकातून चिकट स्राव, डोळ्यांना सूज, घरघर. लोक म्हणतात, थंडी बाधली. बाधलेली असते कोंदट हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. प्रिन्स वूड्स यांनी समोरची बाजू खुली असलेल्या खुराड्यांचा हिरिरीने पुरस्कार केला, तोही बर्फ पडणाऱ्या मुलखात. थंड पण कोरडी हवा कोंबडीला मानवते, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे.

इथे करायचे ते सोपे आहे. कोंबड्या बसतात त्या उंचीवर वारा अडवावा आणि छताखाली वीतभर जागा जाळी लावून कायम उघडी ठेवावी. बारदान्याचे पडदे सूर्य मावळताना सोडावेत, ऊन चढल्यावर गुंडाळावेत. तूस रोज सकाळी दाताळ्याने वरखाली करावे, ओला भाग काढून परसबागेत टाकावा, आठवड्याला मूठभर चुना भुरभुरावा. बसायला लाकडी किंवा बांबूची आडवी काठी जमिनीपासून हात-दीड हात उंच द्यावी. गार ओल्या जमिनीवर बसलेली कोंबडी लवकर आजारी पडते.

घमेल्यात निखारे घालून ते बंद खुराड्यात ठेवण्याची रीत मात्र कोणीही पाळू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बंद जागेत तो कोंबड्यांना मारतो, आणि कोंबड्या ज्या खोलीत त्याच खोलीत माणसे झोपत असतील तर माणसांनाही मारतो. शिवाय भोवती कोरडी तणस असते, शेजारी पुंजणे असते. एका ठिणगीने काय होते ते या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यासाठी वेगळे प्रकरण आहे. थंडीत कोंबडी जास्त खाते, कारण खाल्लेल्यातला मोठा भाग अंग गरम ठेवण्यात जातो. संध्याकाळी कोंडण्यापूर्वी मूठभर मका किंवा धान टाकला तर रात्रभर तो पोटात जिरत राहतो आणि ऊब देतो. लाखोरी निघते तेव्हा ती कोंबड्यांना भरपूर घालण्याचा मोह होतो. कच्च्या लाखोरीतला विषारी अंश लहान पिलांच्या मज्जासंस्थेला बाधतो, तेव्हा पिलांना ती देऊच नये. आणि डिसेंबरात अंडी कमी झाली म्हणून कोंबडी आजारी आहे असे मानू नये. अंड्यांसाठी तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. आपल्याकडे त्या दिवसांत दिवस अकरा तासांचाही नसतो. मोठ्या फार्मवर रात्री दिवे लावून ही तूट भरतात. परसातल्या देशी कोंबडीसाठी ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती विसावते, पिसे बदलते, आणि दिवस वाढू लागल्यावर पुन्हा अंड्यावर येते. राहिली शिकारी जनावरे. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांच्यासाठी भक्कम जाळी, दाराला आतून न सरकणारी कडी आणि खुराड्याच्या पायाशी दगड एवढे पुरते. जंगलाकाठच्या टोल्यांवर कोंबड्या झाडावर झोपू देण्याची सवय थंडीपुरती तरी मोडावी.

आता मानमोडी. हिवाळ्यात एका घरातल्याच नव्हे, टोल्यातल्या सगळ्या घरांतल्या कोंबड्या आठवड्याभरात संपतात तेव्हा बहुधा हाच रोग असतो. हिरवी हागवण, धाप, लुळे पडलेले पंख, पिळवटलेली मान. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कुमाऊँमधल्या रानीखेतला सापडला, म्हणून आपल्या सरकारी कागदांत तो रानीखेत. विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही. लस आहे, स्वस्त आहे, आणि रोग ओळखल्यावर सुमारे शंभर वर्षांनीही आपल्या टोल्यांवर ती पोहोचत नाही. का?

कारण लसीची कुपी एका घरासाठी बनलेली नाही. लासोटा लस शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांच्या कुपीत येते. ती दोन ते आठ अंशांत जपावी लागते. एकदा द्रावणात मिसळली की साधारण दोन तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. दहा कोंबड्या असलेली बाई ती कुपी विकत घेणार नाही, आणि दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणार नाही. दोघांचेही चुकत नाही, आणि कोंबड्या मरतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात खेड्यांसाठी उष्णता सोसणारी आय-2 लस तयार झाली, आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांच्या खेड्यांत ती वापरली गेली. तिथेही अनुभव हाच की लस कितीही चांगली असो, गावाने एका दिवशी एकत्र घेतली तरच तिचा उपयोग होतो. दहा घरांनी घेतली आणि पाच घरांनी नाही, तर त्या पाच घरांतून रोग पुन्हा फिरतो.

म्हणून हिवाळ्याची तयारी घराने नव्हे, टोल्याने करायची आहे. उमेद अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत, त्यांत पशुसखी आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविमचे) गट आहेत. एका गटाने टोल्यातल्या कोंबड्या मोजल्या तर दीडशे-दोनशेचा आकडा सहज भरतो. मग कुपी वाया जात नाही. दिवस ठरवावा, आदल्या रात्री कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, बर्फाच्या थर्मासमधून लस आणावी आणि सकाळी उन्हे तापायच्या आत प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक-एक थेंब टाकून काम उरकावे. आठवडाभर आधी जंतनाशक द्यावे. नव्या पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी हे पंखाखालचे इंजेक्शन. आधीच आजारी असलेल्या पक्ष्याला लस देऊ नये. हे सारे मंडईच्या आधी व्हायला हवे, कारण मंडई आणि आठवडी बाजार हीच रोगाची वाट आहे. बाजारात नेलेला कोंबडा विकला गेला नाही तर तो संध्याकाळी घरी परततो आणि सरळ खुराड्यात शिरतो. सोबत दहा गावचे रोग आणतो. त्याला दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नये, कमी भावात विकू तर मुळीच नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

याच ओघात बर्ड फ्लूबद्दल. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा आला नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. परभणीजवळच्या मुरुंब्यात आला जानेवारी 2021 मध्ये. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले ते डिसेंबर 2024 मध्ये. तिन्ही वेळा दिवस थंडीचेच होते. हिवाळ्यात नवेगावबांधसारख्या तलावांवर आणि गावोगावच्या बोड्यांवर दूरदेशीची बदके उतरतात. ती या जिल्ह्याचे वैभव आहेत, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण आपल्या कोंबड्या त्या काठावर चरायला सोडू नयेत आणि त्यांना बोडीऐवजी विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे. एकदम अनेक कोंबड्या मेल्या, कावळे मरून पडले, तर हात न लावता त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. लपवल्याने नुकसान वाढते आणि ते शेजाऱ्यांच्या वाट्यालाही येते.

पुढच्या पानांत या साऱ्याचे तपशील, मापे आणि महिनावार कामे दिली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गटाच्या बैठकीत ती वाचून दाखवावीत. भाषा त्यासाठीच सोपी ठेवली आहे. आणि पुस्तिका हाती पडताच पहिले काम एवढेच करावे: कोजागिरीच्या आत आपल्या टोल्यातल्या कोंबड्या मोजाव्यात आणि तो आकडा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लसीची तारीख मागून घ्यावी.